दुसरा पडदा आणि दुसरा माणूस



वसंतातील व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात तलवार नाही आणि सिंहासनही नाही. त्यात एक मेज आहे, मेजावर दोन मॉनिटर आहेत आणि त्यांच्यापुढे एक माणूस बसला आहे. शहाड स्थानकावर उतरून कल्याणच्या वा उल्हासनगरच्या बाजूस चालू लागावे, म्हणजे असे मेज दुकानादुकानांतून दिसते. दारावर ‘डी. टी. पी.’ अशी पाटी असते. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, गणेशोत्सवाच्या अहवालपुस्तिका, औषधाच्या खोक्यावरील मजकूर, श्रद्धांजलीचे फलक हे सारे त्या मेजावर आकारास येते. आपल्या घरी लग्नमुंज झाली असेल, तर आपणही केव्हातरी त्या मेजाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ‘हे नाव जरा मोठे करा’ असे म्हटले असेलच.

अशाच एका दुकानात माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, ‘‘अहो, डोळे माणसाला दोनच, आणि तेही एकाच वेळी एकीकडे पाहतात. मग या पोरीपुढे दोन पडदे कशाला?’’ प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर लगेच देता आले नाही. सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतो, ही चैन आहे. कोणी म्हणतो, यामुळे काम लवकर होते. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. छपाईच्या कामाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर असे दिसते, की या धंद्यातील माणसापुढे दोन जागा पहिल्यापासूनच होत्या. मधली काही वर्षे त्यांतील एक हरवली होती, ती परत आली एवढेच. परंतु पूर्वी दोन जागांबरोबर बहुधा दोन माणसेही असत. जागा परत आली. माणूस मात्र परत आला नाही. आजच्या व्याख्यानाचे सूत्र हे एवढेच आहे.

आता हे सूत्र जरा उलगडून पाहू. अक्षर किंवा चित्र छापण्यासाठी तयार करणाऱ्याला तीन गोष्टी जवळ लागतात. पहिली म्हणजे मूळ, मग ते हस्तलिखित असो वा नमुन्याचे चित्र असो. दुसरी म्हणजे हाताखाली घडत असलेली वस्तू, आणि तिसरी म्हणजे हत्यारे. मुळाकडे पाहावयाचे, हत्यार उचलावयाचे आणि घडत्या वस्तूवर चालवावयाचे, असा नजरेचा फेरा दिवसभर चालू असतो. हा फेरा जितका सुलभ, तितके काम शुद्ध. तो कोठे अडला, की चूक शिरलीच म्हणून समजावे.

मराठी मुद्रणाच्या पहिल्या पर्वाकडे वळू. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेले गणपत कृष्णाजी पाटील यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली मराठीतील पहिले छापील पंचांग काढले. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथात या उद्योगी माणसाची हकिकत दिली आहे. लाकडी यंत्र त्यांनी स्वतः तयार केले आणि शाईसुद्धा खटपट करून स्वतःच बनविली. शिळाछापाची युक्ती बव्हेरियातील सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधून काढली होती. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहावयाचे, दगड ओला करावयाचा आणि वर छपाईची शाई फिरवावयाची. पाणी धरलेल्या जागी शाई बसत नाही, तेलकट अक्षरावर मात्र बसते. परंतु दगडावरचे अक्षर कागदावर सुलट उमटावयाचे, तर ते दगडावर उलटे असावे लागते. म्हणून एकतर खास कागदावर सुलट लिहून ते दगडावर उतरवीत, नाहीतर लेखक थेट उलटेच लिही.

आता पंचांगाचे एक पान डोळ्यांसमोर आणा. तिथी, वार, नक्षत्र, घटी आणि पळे यांचे आकड्यांनी गच्च भरलेले रकाने. एका बाजूस ज्योतिष्याने दिलेली प्रत, दुसऱ्या बाजूस दगड. एक आकडा चुकला, तर कोणाच्या तरी घरची एकादशी चुकावयाची! दगडावर किंवा तांब्यावर उलटे काम करणारे कारागीर पुष्कळदा समोर आरसा ठेवीत. हाताखालचे उलटे चित्र आरशात सुलट दिसे आणि मुळाशी ताडून पाहता येई. माझ्या दृष्टीने हा आरसा म्हणजेच त्या काळचा दुसरा पडदा होय. त्याला वीज लागत नव्हती, एवढाच फरक.

शिळाछापामागून शिशाचे खिळे आले. थॉमस ग्रॅहॅम यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यासाठी देवनागरी ठसे तयार केले. पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा निष्णात ठसेकार त्यांना लाभला होता. निर्णयसागरचा टाइप आणि निर्णयसागरची शुद्ध संस्कृत छपाई ही पुढे साऱ्या हिंदुस्थानात नावाजली गेली.

खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे ठाणे कसे असे, हे ज्यांनी पाहिले आहे अशी मंडळी आता थोडी उरली आहेत. तो उभ्यानेच काम करी. पुढे उतरत्या घोडीवर खणाखणांच्या लाकडी पेट्या मांडलेल्या असत. त्यांना ‘केस’ म्हणत. इंग्रजीत मोठ्या अक्षरांची केस वर व लहान अक्षरांची खाली ठेवीत. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे त्यावरूनच पडली. मराठीला मात्र दोन केसी पुरत नसत. जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि रफार धरून शेकडो खिळे होत. त्यांच्यासाठी पुढे व बाजूंस आणखी केसी मांडाव्या लागत. एवढ्या पसाऱ्यात हस्तलिखित ठेवावयाचे कोठे? क्वचित लागणाऱ्या खिळ्यांच्या खणांवर ते पसरून ठेवीत. युरोपातील जुळारी केसीत एक उभी पट्टी रोवून तीवर हस्तलिखित अडकवीत. लंडनच्या जोसेफ मॉक्सन याने मुद्रणकलेवरील आपल्या १६८३ सालच्या ग्रंथात या पट्टीचे वर्णन केले आहे. डाव्या हातातील स्टिकमध्ये अक्षरे डोक्यावर उभी, समोर हस्तलिखित, सभोवती हत्यारांची रांग. आज पडद्याच्या कडेला हत्यारांच्या पट्ट्या मांडलेल्या दिसतात त्या पाहिल्या, म्हणजे मला त्या केसीच आठवतात.

परंतु येथवर मी जागांविषयीच बोललो. आता माणसांकडे येतो. जुळाऱ्याने जुळविलेल्या मजकुराचे पहिले मुद्रित काढले जाई आणि ते मुद्रितशोधकाकडे जाई. व्यवस्थित छापखान्यात त्याच्याजवळ एक दुसरा माणूस बसे. तो मूळ हस्तलिखित हाती घेऊन मोठ्याने वाची आणि शोधक मुद्रितावर नजर फिरवी. हे वाचन कीर्तनासारखे गोड नसे. ‘सुदिन – दि पहिली, कुटुंब – कु पहिला, टु पहिला, टुवर अनुस्वार, पूर्णविराम, नवा परिच्छेद,’ अशा सुरात ते चाले. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार हे शब्द आपण शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला शिकलो. छापखान्यात ते रोजच्या भाकरीचे शब्द होते. एकाने पाहावयाचे आणि दुसऱ्याने बोलावयाचे, हा त्या वाचनाचा गाभा. डोळा सवयीने फसतो. वाक्यात जे असावयास हवे तेच त्याला दिसते. कानाची सवय वेगळी असते. दोन माणसांच्या दोन सवयींमधून चूक निसटणे कठीण जाई.

निर्णयसागरची ‘काव्यमाला’ १८८६ साली सुरू झाली. तिच्या संपादनात पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब ही दोन नावे जोडीने येतात. शुद्ध छपाईची कीर्ती ही केवळ चांगल्या टाइपाची कीर्ती नव्हती. टाइपामागे शास्त्र्यांचे डोळे होते, एकाचे नव्हे, अनेकांचे. टाइप विकत घेता येत होता, त्यामुळे इतर छापखान्यांनीही तो घेतला. परंतु शुद्धता टाइपाबरोबर पेटीत भरून येत नव्हती.

चित्रांच्या छपाईतही हीच गोष्ट आढळते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी आणि सरस्वती कोकणातील किती देवघरांत जाऊन बसल्या, याची गणती कोण करील? या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. मूळ तैलचित्र समोर ठेवून कारागीर प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढी, आणि मग एकाच कागदावर ते दगड एकामागून एक छापीत. एखादा दगड कणभर सरकला, तर देवीच्या ओठांचा तांबडा रंग हनुवटीवर उतरावयाचा. समोर मूळ, हाताखाली त्याचा एक अंश, असे हे काम. तेही एकट्याचे नव्हते. रेखाटणारा, दगड घासणारा आणि छापणारा असे वेगवेगळे हात त्यावरून फिरत.

विसाव्या शतकात जाहिरातीची कला आली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी आणि १९४५ साली निघालेल्या त्यांच्या ‘दीपावली’ अंकाने मराठी वाचकाची नजर घडविली. पुढच्या काळातील चित्रकाराच्या मेजावर पांढऱ्या पुठ्ठ्याचे ‘आर्टवर्क’ असे. त्यावर ब्रोमाइडवरील अक्षरांचे कातरलेले तुकडे रबर सोल्यूशनने चिकटविलेले असत, आणि त्या सर्वांवर ट्रेसिंगचा एक पारदर्शक कागद पडद्यासारखा सोडलेला असे. कोठे कोणता रंग, किती टक्के छटा, कोणती ओळ सरकवावयाची, या सूचना त्या कागदावर लिहीत. म्हणजे खाली वस्तू आणि वर तिच्याविषयीचे बोलणे! हे दुसरे पृष्ठ मुळात दुसऱ्या माणसासाठी होते. चित्रकार ब्लॉक करणाऱ्याशी किंवा कॅमेरा चालविणाऱ्याशी त्या कागदावरून बोलत असे.

यानंतर एक मोठी उलथापालथ झाली. १९८४ साली अमेरिकेत ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणक विकावयास काढला. १९८५ साली पेजमेकर हा पाने लावण्याचा प्रोग्राम आणि लेझर छपाईचे यंत्र त्याच्या जोडीला आले. केसी, स्टिक, कात्री, रबर सोल्यूशन आणि ट्रेसिंग ही सारी सामग्री एका खोक्यात सामावली, आणि जुळारी, चित्रकार, पाने लावणारा व मुद्रितशोधक यांची कामे एका खुर्चीवर आली. परंतु त्या खोक्याचा पडदा केवढा? नऊ इंची! आडवे ५१२ व उभे ३४२ ठिपके, तेही काळेपांढरे. पूर्ण पान पाहू गेले तर अक्षर वाचता येत नसे, आणि अक्षर वाचू गेले तर पान दिसत नसे. हत्यारे, मूळ आणि घडती वस्तू यांना मिळून एका खिडकीएवढी जागा उरली. मघाशी मी म्हटले, की मधल्या काळात एक जागा हरवली, ती ही.

अडचण ओळखणारेही लवकरच निघाले. मूळ मॅकिंटॉश घडविणाऱ्या मंडळींपैकी काहींनी १९८६ साली रेडियस नावाची कंपनी काढली आणि एक उभा, पूर्ण पान दाखविणारा पडदा तयार केला. तो संगणकाच्या मूळ पडद्याशेजारी ठेवावयाचा आणि दोहोंवर मिळून काम करावयाचे. १९८७ साली आलेल्या मॅकिंटॉश टू या यंत्रात तर अनेक मॉनिटर जोडण्याची सोय कंपनीनेच केली. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीमध्येही एक युक्ती होती. त्यात अक्षरांसाठी एक आणि रंगीत चित्रांसाठी एक अशी दोन कार्डे बसविता येत. आराखडे काढणारे लोक एका पडद्यावर आज्ञा व आकडे आणि दुसऱ्यावर आराखडा ठेवीत. पंचांगाची प्रत आणि दगड यांचीच ही नवी जोडी नव्हे काय?

आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न दुसऱ्या पडद्याचा नव्हता. पडद्यावर मराठी उमटेल कशी, हाच मोठा प्रश्न होता. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची ‘श्रीलिपी’ छापखान्याछापखान्यांत पोचली. अक्षरकार र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात देवनागरीचा अभ्यास घडविला. विंडोज २००० बरोबर घरोघर गेलेले ‘मंगल’ हे अक्षरवळण त्यांचेच. २००८ साली ते निवर्तले. आपण मोबाइलवर सहज मराठी लिहितो, त्याच्या पायाशी अशा माणसांचे श्रम आहेत.

दुसरा मॉनिटर आपल्या छोट्या दुकानांत आला तो पुष्कळ सावकाश. विंडोज ९८ मध्ये एकाहून अधिक मॉनिटर चालविण्याची सोय झाली. परंतु त्या वेळचे काचेच्या नळीचे मॉनिटर म्हणजे पेटाराच. दहा बाय दहाच्या गाळ्यात एकच मांडताना मेज भिंतीपासून पुढे ओढावे लागे. पुढच्या दशकात चपटे मॉनिटर स्वस्त झाले, तेव्हा दुसऱ्याला जागा मिळाली. आज पुष्कळ ठिकाणी लॅपटॉपचा पडदा आणि शेजारी एक मोठा मॉनिटर अशी जोडी दिसते.

या जोडीचा उपयोग कसा होतो, तेही थोडक्यात पाहू. समोरच्या मॉनिटरवर पत्रिका किंवा मुखपृष्ठ मोकळेपणी पसरलेले असते. बाजूच्या मॉनिटरवर हत्यारांच्या पट्ट्या, रंगांची यादी, थरांची यादी आणि गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठविलेला मजकूर असतो. काही जण तेच चित्र दोन खिडक्यांत उघडतात. एकीत नाकाच्या शेंड्याएवढा भाग मोठा करून त्यावर काम करावयाचे आणि दुसरीत संपूर्ण चित्र कसे दिसते ते पाहात राहावयाचे. चित्रकार कुंचला खाली ठेवून चार पावले मागे सरतो, तेच हे मागे सरणे. फक्त खुर्चीवरून न उठता.

मराठीच्या कामात आणखी एक कारण आहे. गिऱ्हाइकाचा मजकूर युनिकोडमध्ये येतो, आणि दुकानातील पत्रिकांचे सुंदर टाइप पुष्कळदा जुन्या पद्धतीचे असतात. एकातून दुसऱ्यात मजकूर उतरविताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्य’ मोडतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. तेव्हा डावीकडचा शब्द पाहून उजवीकडचा दुरुस्त करणे हाच मार्ग उरतो. एकाच पडद्यावर खिडक्या पुढेमागे करीत हे काम करणाऱ्याला विचारा, दुसरा मॉनिटर चैन आहे की गरज.

या सोयीला मर्यादाही आहेत. शेजारशेजारच्या दोन मॉनिटरांवर एकच कुंकवाचा रंग दोन तऱ्हांनी दिसतो. एकावर तेजस्वी, दुसऱ्यावर विटकरी. प्रत्येक मॉनिटर स्वतंत्रपणे मोजून त्याची रंगांची नोंद संगणकाला द्यावी लागते. अशा नोंदींचे सर्वमान्य स्वरूप ठरविण्यासाठी १९९३ साली आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. तरीही पडदा रंग दाखवितो तो प्रकाशाने आणि कागद दाखवितो तो शाईने. म्हणून रंग ठरविताना एकच मॉनिटर प्रमाण मानावा आणि शेवटचा निर्णय छापील नमुन्यावर सोडावा, हे जाणते लोक सांगतात. मानेचाही प्रश्न आहे. दोन्ही मॉनिटर सारखेच वापरावयाचे तर त्यांची सांध नाकासमोर यावी. एक मुख्य असेल तर तो समोर आणि दुसरा बाजूस किंचित वळवून ठेवावा. दिवसभर एकाच बाजूला मान वळवून बसणाऱ्याला संध्याकाळी कोणताही वैद्य कारण विचारणार नाही. त्याला ते मान पाहूनच कळेल.

आता मी मघाचे सूत्र पुन्हा हाती घेतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका लहानशा मंडळाच्या वर्धापनदिनाची पत्रिका आम्ही एका दुकानात करावयास दिली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे दोन उत्तम मॉनिटर होते. डावीकडे आमचा मजकूर, उजवीकडे पत्रिका. मी शेजारी बसून बोधचिन्ह मोठे करून घेतले, किनार बदलून घेतली आणि ‘छान’ म्हणून उठलो. पाचशे प्रती छापून आल्या. वर ठळक अक्षरांत ‘वर्धापनदीन’ असे छापले होते. वर्धापन झाले होते, आणि आम्ही दीन झालो होतो! लोक हसले, आम्हीही हसलो. परंतु मागाहून कळले, की पुन्हा छापण्याच्या खर्चापैकी काही रक्कम त्या काम करणाऱ्या मुलीच्या पगारातून वजा झाली. तेव्हा माझे हसणे थांबले.

दोष कोणाचा होता? डाव्या पडद्यावर ‘दि’ पहिली होती, उजव्या पडद्यावर दुसरी. दोन्ही तिच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि माझ्याही. पडद्याने आपले काम चोख केले होते, त्याने दोन्ही दाखविल्या. पडदा दाखवितो, तो वाचीत नाही आणि विचारीतही नाही. जुन्या छापखान्यात ‘दि पहिली’ असे मोठ्याने म्हणणारा एक माणूस बसलेला असे. त्याची खुर्ची गेली आणि त्या जागी दुसरा मॉनिटर येऊन बसला. पूर्वी जे काम चार माणसांत वाटलेले होते, ते त्या मुलीच्या एका पगारात आले. त्याबरोबर चौघांच्या चुकाही तिच्या एकटीच्या झाल्या.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. त्यातील एक मोठे गाऱ्हाणे असे, की विणकराने दोनांऐवजी तीन साचे, म्हणजे माग, सांभाळावेत असा घाट काही गिरण्यांनी घातला होता. यंत्र वाढले, माणूस तोच राहिला, मग वाढीव श्रमाचे आणि वाढीव जबाबदारीचे काय, असा तो सवाल होता. शहाडसारख्या कारखान्याच्या गावात तो समजावून सांगण्याची गरज नाही. विणकराचा धागा तुटला तर तो दिसतो. अक्षरांच्या कामातला तुटलेला धागा मात्र पाचशे प्रती वाटून झाल्यावर दिसतो.

दुसऱ्या मॉनिटरमुळे काम लवकर होते, याला शास्त्रीय पुरावा असल्याचे सांगतात. अमेरिकेत यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली असा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांचा कौल अनेक पडद्यांच्या बाजूने पडला. परंतु त्या अभ्यासात मॉनिटर बनविणारी एनईसी-मित्सुबिशी आणि मॉनिटर चालविणारी कार्डे बनविणारी एटीआय या कंपन्यांचा सहभाग होता, हेही लक्षात ठेवावे. निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही. माझा स्वतःचा अनुभवही तसाच आहे. पण वेग हा एक गुण झाला. वाचलेला वेळ कोणाला मिळतो? त्या वेळात आणखी दोन पत्रिका होतात, की एक पत्रिका पुन्हा वाचली जाते? हे मॉनिटर ठरवीत नाही. ते दुकानदार ठरवितो, आणि त्याहूनही अधिक, ‘संध्याकाळपर्यंत हवे’ म्हणून तगादा लावणारे आपण ठरवितो.

तेव्हा दुसरा मॉनिटर काढून टाकावा असे मी सांगावयास आलेलो नाही. उलट, ज्या दुकानदाराने अजून तो घेतला नसेल त्याने अवश्य घ्यावा. गणपत कृष्णाजींना दगडाजवळ प्रत हवी होती, जुळाऱ्याला केसीवर हस्तलिखित हवे होते, रविवर्म्याच्या कारागिराला समोर चित्र हवे होते. मग आजच्या कारागिराला एका खिडकीत कोंडण्याचा आपल्याला काय अधिकार? परंतु दुसरा पडदा घेतला म्हणजे दुसऱ्या माणसाची गरज संपली, हा हिशेब मात्र इतिहासाला मान्य नाही. छपाई शुद्ध राहिली ती जेथे एकाचे काम दुसऱ्याने वाचले तेथेच.

आणि हा दुसरा माणूस आणावयाचा कोठून? लहान दुकानाला मुद्रितशोधक परवडत नाही, हे मला कळते. पण शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक माणूस रोजच बसलेला असतो. तो आपणच. किनार आणि बोधचिन्ह यांतच आपण रमून जातो. त्याऐवजी छापावयास सोडण्यापूर्वी पाच मिनिटे मूळ कागद हाती घ्यावा आणि एकेक शब्द मोठ्याने वाचावा. तिने पडद्यावर बोट फिरवावे. तारीख वाचावी, वार वाचावा, वेळ वाचावी, नावे अक्षराअक्षराने वाचावीत. लाजू नये. ‘दि पहिली’ असे स्पष्ट म्हणावे. आमच्या मंडळाची पत्रिका आता अशीच वाचली जाते. ज्या मुलीचे पैसे कापले गेले होते तिच्याच शेजारी बसून मी ती वाचतो, आणि गेल्या खेपेस माझ्याच हस्तलिखितातील एक चूक तिने मला दाखविली.